कुर्ल्या, माकुल आणि पुण्याला न आलेलं मशीन

आमच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी एक कोपरा मुद्दाम रिकामा केला होता. तिथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ ह्या जुन्या व्हिडिओ गेमचं मशीन येणार होतं. पन्नाशी लागल्या लागल्या आमच्या नवऱ्याने, मिलिंदने, जाहीर केलं की लहानपणी शिरोड्याला मामाकडे सुट्टीत गेल्यावर तो ज्यावर खेळायचा, ते मशीन अजून तिथल्या खानावळीत आहे आणि ते आणल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. पन्नाशीला लोक साखर तपासून घेतात. आमच्याकडे हे.

पहाटे पुणं सोडलं, कोल्हापुरात मिसळ, मग आंबोली आणि सावंतवाडी. रस्ता बरा आहे, पण पोटात मिसळ असेल तर आंबोलीच्या वळणांवर गाडी सावकाश घ्या. वाटेत मला खेळाचा इतिहास ऐकावा लागला. जपानमधल्या एका माणसाने हा खेळ जवळजवळ एकट्याने बनवला, त्याला लागणारं यंत्रसुद्धा. माणसांवर गोळ्या झाडणं नको म्हणून शत्रू समुद्रातल्या जिवांसारखे केले: खेकडा, माकुल म्हणजे स्क्विड, ऑक्टोपस. एवढी फौज एकदम हलवताना यंत्राला धाप लागायची. शत्रू मेले की ओझं कमी व्हायचं आणि उरलेले सुसाट सुटायचे. ही खोड त्याने तशीच ठेवली आणि तिनेच जगाला वेड लावलं.

“ह्या खेळापायी जपानमध्ये म्हणे नाण्यांचा तुटवडा पडला होता,” मिलिंद म्हणाला. “पुढचे सगळे गोळीबाराचे खेळ ह्याचीच पोरं.”

“म्हणजे आपला मुलगा दिवसभर ज्याच्यात डोळे फोडतो, त्याचा आजोबा घरी आणायचाय,” मी म्हटलं. त्याने गाडीतली गाणी मोठी केली.

शिरोड्यात किनाऱ्याजवळ बाराशेत स्वच्छ खोली मिळाली. तिथून चालत त्या खानावळीत गेलो; ती सुलूकाकी चालवतात. मशीन कोपऱ्यात होतं, अंगावर जुनं लुगडं पांघरून. त्याला बघून मिलिंदचे डोळे भरून आले. आमच्या लग्नात ते कोरडे होते.

“काकी, विकत द्याल?”

“इकूक नाय रे बाबा,” सुलूकाकी म्हणाल्या. “पण खेळात माका हरयलंस तर घेवन जा, फुकट. आधी जेव. उपाशी पावण्यावांगडा कसलो खेळ?”

मग ताटं आली. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, सांबारं, तळलेली माकुलं, भात, पुन्हा भात. तीनशेच्या थाळीत एवढं कोणी वाढत नाही हे मिलिंदच्या लक्षात यायला हवं होतं. तो मात्र “पडद्यावरचे शत्रू आधी ताटात मारतो” असले विनोद करत सोलकढी ओढत होता. काकी स्वतः वाटीभर पेज पिऊन मोकळ्या झाल्या.

खेळाआधी त्यांचे यजमान भाईकाका उठले. कोकणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. भाईकाका मशीनसमोर हात जोडून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यात मोठा आवाज मिलिंदचा. आजोळचं वळण होतं ते.

“ह्या मशीन ह्या घरात इला, ह्या घरातच रवांदे!”

“होय म्हाराजा!”

“कोण न्हेवक इलो आसात तर तेचो नेम चुकांदे, आणि तेका रिकाम्या हातान सुखरूप घराक धाड रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मिलिंद गरजला आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी पदर तोंडात कोंबून हसले.

त्याची पाळी पहिली. फौज अर्धी मारली आणि जेवण डोळ्यांवर आलं. शत्रू कमी होतील तसे वेगाने येत होते आणि हा जांभया देत होता. शेवटच्या खेकड्याने त्याची शेवटची तोफ उडवली. मग काकींनी पदर खोचला आणि निवांतपणे, मासे निवडावेत तशी, फौजेवर फौज साफ केली.

“गिऱ्हाईक गेला की रोज बसतंय हेच्यासमोर,” त्या मला म्हणाल्या. “पोरां मुंबैक. दुपार जावची कशी गो?”

तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. मशीन इथेच राहिलं ह्याचा मला मनापासून आनंद झाला आणि मिलिंदसाठी वाईटही वाटलं. तो लुगडं पुन्हा नीट पांघरून देत होता.

दुसऱ्या दिवशी रेडीच्या गणपतीला जाऊन आलो. जाणार असाल तर सकाळी जा. तिथे मिलिंदने काय मागितलं ते मी विचारलं नाही.

आता घरी येऊन आठवडा झाला. तो कुर्ल्यांना दोष देतो, भाईकाकांना देतो, स्वतःचा आवाज सोडून सगळ्यांना देतो. कोपऱ्यात मी चपलांचं कपाट ठेवायला निघाले तर म्हणाला, “राहू दे. मे महिन्यात उपाशीपोटी जाणार आणि मशीन घेऊनच येणार.”

मी कोपरा रिकामाच ठेवून कपाट परत दाराशी नेलं, पण ‘होय म्हाराजा’ काही म्हटलं नाही.