टोपीतला पाला

वैशाखात माळावरचं गवत जळून जातं, पण पुरुषभर उंचीचा तरवड पिवळाजर्द फुललेला असतो. त्याचं मूळ खोल मुरमात गेलेलं असतं आणि पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आज बसथांब्याजवळ एका मेंढपाळाने तो पाला ओरबाडला, मुंडाशात कोंबला आणि उन्हात चालू लागला. त्या पाल्याने डोकं थंड राहतं म्हणतात.

माझे वडीलही टोपीखाली असाच पाला ठेवायचे. ते गेले त्या उन्हाळ्यात आई रोज सकाळी माळावर जाऊन पाला आणायची आणि खुंटीवरच्या त्यांच्या टोपीत घालायची. फुलं मात्र तोडायची नाही. ती देवीची, नवरात्रात तिच्या माळेला लागतात. संध्याकाळी ती टोपी उलटी करून मला दाखवायची. "बघ, पार करपलाय. किती उन्हात हिंडतायत हे!"

"आई, तोडलेला पाला सुकणारच की," मी एकदा चिडून म्हणालो.

"सुकू दे. पण एखाद्या दिवशी मी ठेवला नाही, आणि त्या दिवशी ते खरंच उन्हात असले तर?"

आता आईही नाही. टोपी अजून खुंटीवर आहे.

मेंढपाळ दिसेनासा झाला तेव्हा माझ्या मुठीत तरवडाचा पाला होता. फुलांना मी धक्का लावला नव्हता. मी टोपी घालत नाही. बस आली, ती जाऊ दिली आणि घराकडे वळलो.