उभं पान, आडवा लॅपटॉप

माझी मावशी मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढणं हे तिचं काम. एकतीस वर्षं ती एकाच प्रेससाठी हे काम घरी बसून करते. प्रेसमधून सोळा पानांचा गठ्ठा यायचा, त्याला ते लोक फॉर्म म्हणतात. मावशी तो घेऊन खिडकीपाशी बसायची, लाल पेनने समासात खुणा करायची आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायची. तिच्या हातून निसटलेली चूक शोधायला प्रेसमध्ये पैजा लागायच्या म्हणे. हे तिनेच सांगितलेलं असल्यामुळे खरं-खोटं मला माहीत नाही.

एका सोमवारी प्रेसच्या मालकांचा फोन आला. आता कागद बंद. फाइल येईल, ती स्क्रीनवर वाचायची आणि चुकांची यादी टाइप करून मेलने पाठवायची. शनिवारी दुपारपर्यंत एक फॉर्म तपासून दाखवा, जमलं तर पुढची पुस्तकं तुमचीच. नाही जमलं तर दुसरं कुणी बघू. हे ‘दुसरं कुणी’ मालक अगदी सहज बोलून गेले असतील, पण मावशीने ते दोन शब्द दिवसभर चघळले. संध्याकाळी मी गेलो तर तिने दार उघडता उघडताच विचारलं, “दुसरं कुणी म्हणजे कोण असेल रे?”

घरात कॉम्प्युटर शिकलेला मी एकटाच. मी म्हणालो, “काळजी करू नकोस. एक जुना लॅपटॉप घेऊ, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकू. फुकट असतं, हलकं असतं, जुन्या मशीनवर छान चालतं. तुला फाइल वाचायची, यादी टाइप करायची आणि मेल पाठवायचा, एवढंच ना? एका संध्याकाळचं काम आहे.”

हे शेवटचं वाक्य मी आता कुणालाच म्हणत नाही.

मंगळवारी सराव म्हणून माझ्या लॅपटॉपवर तिला एका जुन्या फॉर्मची फाइल उघडून दिली. चार पानं वाचून झाल्यावर मी ती तपासली. दुसऱ्या पानाच्या मधोमध एक अख्खी ओळ दोनदा आली होती आणि मावशीने ती सोडली होती. स्क्रीनवर अर्धंच पान मावत होतं. खालचं अर्धं पान वर सरकवताना नेमकी ती ओळ सांध्यात सापडली होती. मी ती दाखवली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पान कापलंय रे याने,” ती म्हणाली. “वरचं वाचताना खालचं दिसत नाही, खालचं वाचायला जावं तर वरचं गेलेलं असतं. मी ओळी नाही वाचत. मी पान वाचते.”

“मग लहान करून बघ. हे बघ, आता पूर्ण पान दिसतंय.”

“या मुंग्या आहेत.”

मी मोठं केलं. पान कापलं गेलं. लहान केलं, मुंग्या. असं अर्धा तास. मी म्हणालो, सवय होईल. ती म्हणाली, शनिवारपर्यंत? मी जरा आवाज चढवून तेच पुन्हा सांगितलं.

गुरुवारी आम्ही जुन्या लॅपटॉपच्या बाजारात गेलो. मी व्यवस्थित यादी केली होती. आठ जीबी रॅम, एसएसडी, फुल एचडी स्क्रीन, लिनक्सशी जुळणारं वाय-फाय, बरी बॅटरी. यादी मावशीला वाचायला दिली ती चूक झाली. पहिल्या दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत तिने पर्समधून लाल पेन काढून ‘बॅटरि’ची वेलांटी दीर्घ केली होती आणि ‘जूळणारं’मधला ऊकार ऱ्हस्व.

“तू इंजिनीअर कसा झालास?”

“इंजिनीअरला ऱ्हस्व-दीर्घ विचारत नाहीत मावशी.”

“ते दिसतंच आहे.”

पहिल्या दुकानात एक चकचकीत मशीन होतं, अगदी नव्यासारखं. दुकानदाराने ते दागिना ठेवावा तसं आमच्यापुढे ठेवलं. मावशी वाकून बघत राहिली. “यात मीच दिसतेय,” ती म्हणाली. “मला माझ्यातल्या चुका नाही काढायच्या.” दुकानदार हसला, मी नाही हसलो. मशीन चांगलं होतं.

दुसऱ्या दुकानात मी पेनड्राइव्ह लावून लिनक्स चालू केलं. असं केलं की काहीही न बदलता मशीन तपासून बघता येतं. स्क्रीन छान, आवाज छान, वाय-फायचा पत्ता नाही. दुकानदार दर दोन मिनिटांनी म्हणत होता, “विंडोजवर एकदम मस्त चालतं.” आणि मी दर दोन मिनिटांनी म्हणत होतो, “आम्हाला विंडोज नकोय.” तोवर मावशीने त्याच्या काउंटरवरच्या दरपत्रकात तीन चुका काढून दिल्या. त्याने ते कागद गोळा करून खाली ठेवले.

तिसरं दुकान खरं म्हणजे दुरुस्तीचं होतं. आत एक काका कपाळावर भिंग चढवून बसलेले. त्यांच्याकडे मला हवं होतं ते सगळं एकाच मशीनमध्ये सापडलं. आठ जीबी, एसएसडी, न चमकणारा फुल एचडी स्क्रीन, वाय-फाय पहिल्या झटक्यात लागलं. मला वाटलं, सुटलो. मी पैसे द्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात मावशीने पर्समधून पट्टी काढली. स्टीलची, एक फुटी. तिने ती स्क्रीनला उभी लावली.

“सात इंचही नाही.”

“मावशी, स्क्रीन असा मोजत नाहीत. तिरका मोजतात. हा चौदा इंची आहे.”

“मी तिरकी वाचत नाही.” तिने पट्टी आडवी लावली. “इकडे बारा इंच आहेत बघ. हे सगळे वाया चाललेत.” मग काकांकडे वळून तिने विचारलं, “हे उभं करता येतं का?”

शेजारी मोबाइल दाखवायला आलेला माणूस वळून बघायला लागला. मला माझे कान गरम झालेले कळले. दोन वर्षं मी लोकांना मशीन निवडून देतो आहे, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“लॅपटॉप उभा नसतो मावशी.”

“का नसतो?”

“का म्हणजे? कीबोर्ड कुठे जाईल?”

“पुस्तक उघडून टेबलावर उभं ठेवतो, तसं ठेवलं तर?”

“मग कीबोर्ड भिंतीसारखा उभा राहील. टाइप काय बाजूने करणार?”

काकांनी भिंग कपाळावरून काढलं. “कीबोर्ड गेलेला एक पडून आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “हेच मॉडेल. चहा सांडला होता. स्क्रीन एक नंबर आहे, पण कुणी घेत नाही.”

त्यांनी मागच्या फळीवरून तो आणला. कीबोर्डची मधली अख्खी रांग मेलेली होती. काकांनी त्याला बाहेरचा एक साधा कीबोर्ड आणि माऊस लावून दिला. मी पेनड्राइव्ह लावला, आणि जरा रागातच, मावशीला एकदाचं पटावं म्हणून, मशीन नव्वद अंशांत उघडून कडेवर उभं केलं. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरचं चित्र फिरवलं. सगळं उलटं झालं, अक्षरांचे पाय वर.

“असं नाही,” मावशी म्हणाली.

“ते दिसतंय मला.”

“दुसऱ्या कडेवर ठेव,” काका म्हणाले, “डाव्या बाजूला हवा बाहेर पडते. तिच्यावर उभा केलास तर तापेल.”

हे खरं तर मला सुचायला हवं होतं. मी उजव्या कडेवर उभा केला, अक्षरं सरळ झाली, आणि मालकांनी मावशीला पाठवलेल्या फॉर्मची फाइल उघडली. पान आलं. वरच्या शीर्षकापासून खालच्या आकड्यापर्यंत, छापील पुस्तकात असतं त्याच मापाचं पूर्ण पान. खाली साडेतीन इंच जागा उरली होती, तिथे मी यादीची खिडकी लावून दिली.

मावशीने चष्मा पुसला, परत घातला, स्टूल पुढे ओढलं. मी म्हणालो, “बरं दिसतंय का?”

“चौथ्या ओळीत ‘दिर्घ’ आहे,” ती म्हणाली. “पहिली वेलांटी.”

ते मशीन चांगल्या मशीनच्या निम्म्या किमतीत मिळालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. घरी येईपर्यंत मी तिला समजावत होतो की बिजागरी अशी वापरायला केलेलीच नाही. शुक्रवारी लिनक्स कायमचं बसवून दिलं. लॅपटॉप टेबलावर उभा राहीना, धक्का लागला की कलायचा. मी म्हटलंच होतं, असं मी म्हणणार, तेवढ्यात मावशीने कपाटातून शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आणले आणि दोन्ही बाजूंनी लावले. मग फॉर्मची फाइल उघडून बसली. दोन बोटांनी टाइप करत होती आणि मला मध्येमध्ये हाका मारत होती. हे अक्षर कुठे आहे. बाण हरवला. मी काही केलं नाही, ते आपोआप गेलं. दर वेळी मी खुर्चीतून उठलो, आणि दर वेळी तिने काहीतरी केलेलं होतं.

शनिवारी अकरा वाजता यादी गेली. बाराच्या सुमारास मालकांचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला, ओठ घट्ट मिटून.

“एकसष्ट चुका?” मालक म्हणाले. “अहो, कागदावर तर कधी पंचवीसच्या वर निघत नव्हत्या.”

“कागदावर तुम्ही मोजत नव्हता.”

“आणि अकरा हा पानाचा आकडा दोन पानांवर आलाय. आमच्याकडे तिघांनी बघितलं, कुणाला दिसलं नाही.”

“त्यांना पान दिसत नसेल.”

मालक म्हणाले, “सोमवारी पुढचा फॉर्म पाठवतो. पुस्तक मोठं आहे, वीस फॉर्म तरी होतील.”

“पाठवा,” मावशी म्हणाली, जणू रोज कुणी ना कुणी तिला वीस फॉर्म देत असतं. फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

“सोमवारी सकाळी ये,” ती मला म्हणाली. “मेल उघडला की फाइल जाते कुठे, ते मला कळत नाही.”

“डाउनलोडमध्ये जाते मावशी. शंभर वेळा सांगितलं.”

“सात वेळा,” ती म्हणाली. “आणि सातही वेळा घाईने.”