मॅट्रिकनंतरचा फ्रॉक

मॅट्रिकचा निकाल लागला, त्याच आठवड्यात आईने मला फ्रॉक शिवला. मला अठरावं लागलं होतं. आम्ही जबलपूरला, चेरीतालमध्ये राहत होतो. नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. वडिलांच्या कचेरीचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जात. स्थळं मात्र नागपूरकडूनच येत.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तोवर तिला दोन ठिकाणच्या लोकांनी पाहिलं होतं. दोन्ही घरांनी मागून विचारलं होतं, धाकटी देता का?

त्या उन्हाळ्यात सदर बाजारातल्या टॉकीजला एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा लागला होता. त्यात एक मोठी बाई लहान मुलगी बनून वावरते आणि कोणाला संशय येत नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं, तरी आमच्या तिघींत तीच जास्त हसली. दुसऱ्या दिवशी ती सराफा बाजारात गेली आणि येताना छिटाचं कापड घेऊन आली.

पाहुणे यायचे असले की माझ्या दोन वेण्या घातल्या जात, लाल रिबिनी बांधल्या जात. पाणी मी द्यायचं, पोहे ताईने आणायचे. कोणी विचारलं तर मी आठवीत. शेजाऱ्यांना खरं काय ते माहीत होतं. समोरच्या दीदी ओट्यावरून विचारत, "क्यों बिटिया, इस साल भी आठवीं?"

कॉलेजात नाव घालायचं मी काढलं, तेव्हा आईने समजावलं की नागपूरचे लोक इथे कोणा ना कोणाकडे उतरतात. धाकटी कॉलेजात जाते हे त्यांच्या कानावर जाणारच. आधी ताईचं जुळू दे. तो जुलै गेला. वर्षभरात आणखी तीन घरं येऊन गेली. फ्रॉकची दुमड दोनदा उसवून तो लांब केला.

पुढच्या जूनमध्ये नागपूरच्या एक बाई, मुलाची आई, त्याच्या मामाला घेऊन आल्या. ताईशी बराच वेळ बोलल्या आणि मुलगी आम्हाला पसंत आहे म्हणाल्या. हे आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी आठवीत असल्याचं सांगितलं.

ताईने हातातली बशी खाली ठेवली.

"मावशी, ती आठवीत नाही. मागच्याच वर्षी मॅट्रिक झाली. माझ्यापायी घरी बसून राहिली आहे."

बाईंनी मला रिबिनींपासून पायांपर्यंत पाहिलं.

"मग हा फ्रॉक काहून?"

आईने चहा पुढे केला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, मग दोघं उठले.

ते गेल्यावर आईने ताईला विचारलं, "झालं समाधान?"

"थकले मी, आई," ताई म्हणाली, आणि बशा उचलून आत गेली.

नागपूरहून काही कळवलं गेलं नाही. जुलैत कॉलेज उघडलं. मी ताईची साडी नेसून गेले. फाटकापर्यंत ती सोबत आली होती.