पावणेदोनचा काळा

भालकीच्या पेठेत गुंडेरावाचं फोटोचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत वीरभद्रप्पा होता. येणाऱ्या गिऱ्हाइकाला गुंडेराव दिसायचा, त्याचा कोट दिसायचा, तिपाईवरचा कॅमेरा दिसायचा. वीरभद्रप्पा कुणाला दिसत नसे. कागदावर माणूस उमटवायचा यानं आणि नाव व्हायचं गुंडेरावाचं. त्याचं याला वाईट वाटायचं म्हणाल तर मुळीच नाही. पुढं बसून लोकांच्या नाकाडोळ्यांचं कौतुक करायला सांगितलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी कामावर आला नसता.

मूळचा तो करजगीचा. बाप रंगारी. लुगड्याला काळा चढवण्यात त्या घराचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आधी निळीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, आणि मग वर काळा द्यायचा. नाहीतर दोन धुण्यांत लुगडं तांबूस पडतं. पुढं डब्यातला विलायती रंग आला, चुलीवर पाणी तापवून जो तो रंगारी झाला आणि घरचा धंदा बसला. बाप गेला, भाऊ शेतात राबायला लागले आणि हा बायकोला, रुद्रम्माला, घेऊन भालकीला आला. गुंडेरावानं त्याला ठेवून घेतलं ते काही गुण पारखून नव्हे. दिवसभर अंधारात उभं राहायला आणि फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा वास सोसायला दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढंच.

दुकानाला खरं काम असायचं ते मेलेल्यांचं. त्या भागातल्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर इष्टलिंग. जमिनीतही तसंच बसतं करून ठेवतात. मग कुणालातरी आठवण होते की अप्पांचा एकही फोटो नाही, आणि एक माणूस भालकीला धावतो. जन्मात ज्यानं कॅमेरा बघितला नाही, तो मेल्यावर त्याच्यासमोर बसायचा. हलायचा नाही, डोळे मिचकवायचा नाही. गुंडेराव म्हणायचा, याच्याइतकं शहाणं गिऱ्हाईक दुसरं नाही.

अशा फोटोची दुकानात एक रीत पडली होती. माणसामागची भिंत, दार, कोनाडा, रडणाऱ्या बायांचे पदर, सगळं काळ्यात बुडवून टाकायचं. कपाळावरची विभूती तेवढी पांढरी उठली पाहिजे. जिवंताच्या फोटोत मागं खोली दिसायची, मेलेल्याच्या मागं काही म्हणता काही नाही. ही रीत आजूबाजूच्या खेड्यांत इतकी मुरली की ज्याला अक्षराची ओळख नाही तोही लांबून फोटो बघून हात जोडायचा.

मग लढाई लागली आणि कागदाला ताळतंत्र उरलं नाही. आज या कारखान्याचा, उद्या त्या कारखान्याचा, परवा कुठल्या गोदामात ओल खाल्लेला. एकाचा काळा पोटात ओढून घेईल असा, दुसऱ्याचा चुलीतल्या राखेसारखा. कचेरीनं मागवलेले फोटो एकसारखे नाहीत म्हणून परत आले. तेव्हा गुंडेराव हैदराबादेला गेला आणि एका बंद पडलेल्या दुकानाचं सामान विकायला काढलं होतं त्यातून एक यंत्र उचलून आणलं.

लाकडी बैठक, तिच्यावर पितळेची नळी. खाली फोटो ठेवायचा, बाजूनं कंदिलाचा उजेड पाडायचा आणि नळीला डोळा लावायचा. आत एक वाटोळं दिसतं, मधोमध चिरलेलं. अर्ध्यात फोटोतला काळा, अर्ध्यात यंत्रातल्या काचेचा. बाजूची चकती फिरवली की काचेचा काळा गडद होत जातो. दोन्ही अर्धी सारखी झाली की मधली चीर नाहीशी होते, आणि चकतीवर तो काळा किती भरला ते समजतं. वर तीन रंगीत काचाही होत्या, लाल, हिरवी आणि निळी. तिन्हींतून माप एकच आलं तर काळा निर्मळ. निळीतून वेगळं आलं तर समजावं, काळ्याला तांबूस झाक आहे, फोटो उमटवायची दवा शिळी झाली. ओल्या कागदाचं माप घ्यायचं नाही. ओला काळा नेहमी जास्त दिसतो आणि वाळला की तोंडघशी पाडतो.

वीरभद्रप्पा त्या यंत्रात रमला. आयुष्यात पहिल्यांदा काळ्याला वजन आलं होतं. जिवंताला दीड, मेलेल्याला पावणेदोन, असं त्यानं ठरवून टाकलं. कितीही भिकार कागद आला तरी उजेड वाढवून, दवा बदलून तो पावणेदोनला नेऊन भिडवायचाच. चकतीवरचे आकडे इंग्रजी होते. त्याला ते येत नव्हते, म्हणून कानशीनं त्यानं चकतीच्या कडेला खाचा पाडून घेतल्या. अंगठा फिरवला की दीड कुठं, पावणेदोन कुठं, ते कळायचं.

त्या खाचांनीच घात केला म्हणायचा. कारण त्याच सुमाराला त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग सगळ्यावर धूर बसला. काळा म्हणून जे काही जगात होतं ते त्याला राखाडी दिसू लागलं. दुसरा कुणी असता तर पहिल्या महिन्यात उघडा पडला असता. पण यंत्रासाठी काळा ओळखावा लागत नव्हता, दोन अर्धी सारखी झाल्याशी मतलब. धुरातून बघितलं तर दोन्हींवर धूर सारखाच. चीर तेवढी दिसली पाहिजे आणि मग दिसेनाशी झाली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत तसेही बाकी सगळे आंधळेच असतात. दवेच्या ताटल्यांच्या जागा हाताला पाठ होत्या.

रुद्रम्मा रोज दुपारी भाकरी घेऊन यायची आणि खोलीच्या उंबऱ्याशी बसायची. डोळे चोळताना बघून म्हणायची, "दावा की कुनालातरी." हा म्हणायचा, "थकलेत गं. दिसभर अंधारात राहून थकलेत." हैदराबादेच्या दवाखान्यात डोळे कापतात हे त्याला माहीत होतं. पण गल्लीतला एकजण असाच जाऊन आला तो काठी धरूनच. आणि डोळ्याचं नाव काढलं की गुंडेराव खोलीतून काढणार, ही भीती वेगळीच. त्या खोलीबाहेर त्याला काय येत होतं? रंगाऱ्याचा धंदा बुडालेला, शेत भावांचं. त्यापेक्षा गप्प राहणं बरं, असं तो स्वतःला समजवायचा आणि रोज थोडा जास्तच दमून घरी जायचा.

असं करत वर्षं निघाली. आणि मग एका आठवड्यात कॅमेऱ्यातल्या दोन काचा आल्या, ज्यांवरून कागदावर फोटो उतरवायचा.

एक कल्लप्पा नावाच्या म्हाताऱ्याची. शेतातच गेला होता. घर लहान, माणसं फार, म्हणून त्याला बाहेर चौकात उन्हात आणून बसवलं होतं. दुसरी चन्नबसप्पाची. हा औरादच्या बाजारातला अडत्या, चांगला हिंडताफिरता. त्याची आई अक्कम्मा गावी, मेहकरला राहायची. तिनं हट्ट धरला होता की लेकाचा लिंगपूजेला बसलेला फोटो मला पाहिजे. म्हणून त्यानं गुंडेरावाला घरी नेऊन देवघरातच काढून घेतला. मांडी घातलेली, विभूती लावलेली, हार घातलेला, तळहातावर इष्टलिंग आणि नजर खाली लिंगावर.

वीरभद्रप्पानं दोन्ही काचा कंदिलासमोर धरल्या. त्याला आता माणूस दिसत नव्हता, जाड म्हणजे गडद काच आणि पातळ म्हणजे फिकी काच एवढंच कळत होतं. आणि त्याचा आडाखा ठरलेला होता. मेलेल्याचा फोटो घरातल्या काळोखात निघतो, म्हणून त्याची काच पातळ. जिवंताची उजेडात निघते, ती जाड. इतकी वर्षं हा आडाखा चुकला नव्हता. देवघरातल्या पातळ काचेला त्यानं पावणेदोन दिला, मागचं सगळं बुडवलं. उन्हातल्या जाड काचेला दीड. दोन्हींचं माप वाळल्यावर घेतलं, तिन्ही रंगीत काचांतून घेतलं. चूक म्हणून कुठं नव्हती. गुंडेराव लग्नाच्या फोटोंसाठी बाहेरगावी होता. त्यानं बंद केलेली पाकिटं रुद्रम्मानंच दोऱ्यानं बांधली, पण पाकीट उघडून बघायची तिला सवय नव्हती आणि नवऱ्याच्या कामावर शंका तर त्याहून नव्हती.

कल्लप्पाच्या घरच्यांना काही वाटलं नाही. उलट ते खूश झाले. मागं चौक दिसतोय, बैल दिसतोय, अप्पा जणू सावलीची वाट बघत बसलेत, असं म्हणून त्यांनी फोटो भिंतीला लावला.

मेहकरला मात्र आकांत झाला. अक्कम्मानं पाकीट उघडलं आणि तिला लेक दिसला नाही, काळा दिसला. तिला वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही नव्हती. ती जी खाली बसली ती उठेना. शेजारणी जमल्या, एकीनं फोटो बघून दुसरीला दाखवला आणि सगळ्यांनी गळा काढला. औरादला माणूस धावला, चन्नबसप्पा तसाच आला, आईसमोर उभा राहिला. तरी म्हातारी त्याच्याकडे बघायला तयार होईना.

चन्नबसप्पा भालकीला आला तेव्हा गुंडेराव परतला होता. भांडायचं म्हणून तो आला असावा, पण त्याच्या अंगात भांडायची ताकद उरली नव्हती. त्यानं फोटो टेबलावर ठेवला.

"माझी माय अन्न घेना झालीय," तो म्हणाला. "मी पुढ्यात बसतो, तर गालाला हात लावून बगती आन् म्हनती, मेल्यावरबी कामून आलास रे बाळा? आता मी काय करू सांगा, मालक. जिता हाय म्हनून कुनाकडून लिहून आनू?"

गुंडेरावानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तो उठून मागच्या खोलीच्या दाराशी गेला. दुपारची वेळ होती. रुद्रम्मा उंबऱ्याशी भाकरी सोडत होती. दार सताड उघडलेलं, खोलीत उजेड आलेला.

"अण्णा, ह्यो काय करून ठेवलाव तुमी?"

वीरभद्रप्पानं फोटो हातात घेतला, यंत्राखाली सरकवला, नळीला डोळा लावला, चकतीवर अंगठा फिरवला. "पावणेदोन हाय की, मालक. बराबर हाय."

"बराबर हाय?" बाहेरून चन्नबसप्पा ओरडला.

गुंडेरावाला संशय आला होता आणि तो खोटा ठरावा असं त्याला मनापासून वाटत होतं. माणूस जुना, शब्दाला जागणारा. एकदा चुकला असेल, कुणाचं चुकत नाही? म्हणून त्यानं कपाटातून एक फोटो शोधून काढला. मुद्दाम सोपा काढला, ज्याला हा चुकूच शकणार नाही असा. गेल्या बसवजयंतीला नवा कॅमेरा बघायचा म्हणून त्यानं तो सहज काढला होता.

"ह्यो बगा बरं."

वीरभद्रप्पानं तोही यंत्राखाली ठेवला. चीर जुळवली. वरची निळी काच घालून पुन्हा जुळवली. "दीड. जित्याचा काळा हाय. झाक न्हाई."

"मी काळा न्हाई विचारलो, अण्णा. फोटूत कोन हाय ते सांगा."

वीरभद्रप्पानं फोटो उजेडाकडे धरला. जवळ आणला, लांब नेला. धुरात एक पांढुरकं काहीतरी होतं, पदर असेल. तो म्हणाला, "बाईमानूस हाय." मग फोटो आणखी डोळ्याजवळ नेला. "कुन्या पाटलाच्या घरचं दिसायलंय."

चन्नबसप्पानं मान खाली घातली. रुद्रम्माच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तिला तो फोटो बसल्या जागेवरून दिसत होता.

"मी हाय की ओ ती," ती म्हणाली.

गुंडेरावाला तो फोटो काढून आणल्याचा इतका पश्चात्ताप झाला की तो नुसता दाराची कडी चाचपत उभा राहिला. चन्नबसप्पानं आपला फोटो उचलला. दुसरा करून द्या म्हणाला, मागं देवघर दिसू द्या, आणि निघून गेला. वीरभद्रप्पानं ताटल्यांतली दवा ओतून दिली, ताटल्या विसळून पालथ्या घातल्या, यंत्रावर फडकं टाकलं. जा म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागलंही नाही. रुद्रम्मानं भाकरी परत बांधली आणि त्याचा हात धरला. भर पेठेतून नवऱ्याचा हात धरून चालायची तिला लाज वाटली, पण तिनं तो सोडला नाही.

वेशीशी आल्यावर ती म्हणाली, "कवापासनं दिसना झालंय?"

"लई वर्सं झाली."

"लढाई सुरू व्हती तवा?"

"व्हय. निम्म्यात."

ती थोडं चालली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू तो बघणारच होता.

"म्हंजी मी म्हातारी झाल्याली तुमाला ठावंच न्हाई," ती म्हणाली.

वीरभद्रप्पा वाटेत थांबला. तोंड तिच्याकडे वळवून त्यानं पुष्कळ वेळ बघायचा प्रयत्न केला.

"न्हाई," तो म्हणाला. "कुनी सांगितलंच न्हाई मला."