आमची मारकी म्हैस

आमच्या घरात कुणाला काही लागलं, की ते म्हशीनं केलेलं असायचं. आईचा दंड काळानिळा झाला, म्हशीनं शिंग मारलं. माझा ओठ फुटला, म्हशीनं डोकं झटकलं. त्या बिचारीनं उभ्या जन्मात कुणाला शिंग लावलं नाही. शेजारची पोरं तिच्या पाठीवर बसून ओढ्यावर जायची. तरी आळीतल्या बाया माना डोलवत म्हणायच्या, "लई मारकी बाई तुमची म्हैस." वडील पिऊन मारतात हे साऱ्या आळीला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

हेच मी धाकट्या बहिणीलाही शिकवलं. कॉलेजसाठी भोरच्या वसतिगृहात राहायला निघाले, तेव्हा पिशवी भरता भरता तिला सांगितलं, "शाळेत बाईंनी विचारलं तर म्हशीचं नाव घ्यायचं, कळलं?" ती आता आठवीत आहे.

यंदा पुण्याहून एक मॅडम आमच्या कॉलेजात आल्या. समाजकार्याचं संशोधन करतात. मारहाणीच्या घरातली मुलं मोडून न पडता उभी कशी राहतात, हा त्यांचा विषय. त्याला त्या चिवटपणा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील. पण एखाद्या लहान मुलाला आजही मार बसतोय असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही."

मी मान हलवली आणि भडाभडा बोलत सुटले. माझा मार, माझा अभ्यास, माझे मार्क. "आणि आता घरी कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"आता सगळं ठीक आहे. वडिलांनी दारू सोडली."

धडधडीत खोटं! त्या इतक्या कौतुकानं बघत होत्या, की त्यांच्यासमोर घरची चालू घाण काढायची मला लाज वाटली. होऊन गेलेलं सांगायला काय जातं हो? चालू आहे ते सांगायला जीभ रेटत नाही.

आईला फोनवर मॅडमचं सांगितलं तर ती हरखलीच. "मॅडमना घरी आण की गं. पोरीचं एवढं कौतुक करत्यात, चहा तरी पाजू." आता आईला नाही कसं म्हणू? नसरापूरला गाडी बदलून आम्ही दोघी वेल्ह्याकडच्या आमच्या गावी उतरलो.

वडील अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून दारात उभे. "या ताई, बसा. हिनं लई नाव काढलं आमचं." गोड, अगदी गोड. धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या डोळ्याखाली हिरवट डाग होता.

"काय लागलं गं?" मॅडमनी विचारलं.

"म्हशीनं मारलं."

एका दमात, मी शिकवलं होतं तस्संच. मॅडमनी समोरच्या गोठ्याकडे बघितलं. तिथं वडिलांची मोटारसायकल उभी होती. म्हैस दिवाळीआधीच विकलेली.

आई चहा गाळता गाळता थांबली. वडील टोपी सारखी करायला लागले. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं, आणि मी काय बोलले?

"चुलत्यांची म्हैस. लई मारकी आहे."

धाकटीनं सुटल्यासारखा श्वास टाकला आणि माझ्याकडे बघून हसली. मी तिला वाचवलं असं वाटलं तिला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा झाला, आम्ही दोघी थांब्यावर आलो. एसटी वळणावर दिसली तेव्हा मी तोंड उघडलं. "म्हशीनं नाही मारलं. वडिलांनी मारलं. अजून मारतात."

"मग आता मला बोलावं लागेल."

"बोला," मी म्हणाले. त्यांनी एसटी जाऊ दिली आणि फोन काढला.

पुढं सरकारी माणसं आली, चौकशा झाल्या, वडिलांनी गावभर मला शिव्या घातल्या. शेवटी धाकटी भोरला आली. शाळा इथं, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात. बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. एकदा एवढंच म्हणाली, "आई एकलीच ऱ्हायली तिकडं." तिला तिथून काढताना आईचा विचार मी केलाच नव्हता. आई म्हणजे मार खाणारच, असं धरूनच चालले होते की काय, देव जाणे. त्याची लाज अजून जात नाही.

परवा आईचा फोन आला. धाकटी माझ्याजवळच बसली होती, म्हणून स्पीकर लावला. बोलता बोलता आई म्हणाली, डावा हात गळ्यात बांधलाय.

"काय झालं?"

आईनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "म्हशीनं मारलं गं."

माझ्या तोंडी सवयीनं आलंसुद्धा, "जपून राहत जा की, आई."

धाकटीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आई," ती म्हणाली, "आपल्याकडं म्हैस न्हाई."