एका लाटेच्या गोण्या

पॅसिफिकमधल्या मांगाइया बेटावर तुआइनेइतकी काटेकोर बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, आणि तिच्या वडिलांवर बेट सोडायची वेळ आली ती या काटेकोरपणापायीच. बेटावरची उपग्रहाची तबकडी आणि दवाखान्यातलं चित्र पाठवायचं यंत्र ती एकटी सांभाळायची.

वडील म्हणजे पापा ताओकिया. वय ब्याऐंशी, हृदय थकलेलं. दर गुरुवारी रारोटोंगा या मोठ्या बेटावरची डॉक्टरीण त्यांना पडद्यावर तपासायची, पण चित्र इतकं अडखळायचं की पायाची सूजसुद्धा धड दिसेना. शेवटी तिनं सांगून टाकलं, की येत्या गुरुवारी नीट दिसलं नाही तर त्यांना कायमचं रारोटोंगाला आणा, न बघता औषध द्यायला मी धजणार नाही. पापांची बायको, तुआइनेची आई, घराच्या अंगणातच पुरलेली. रोज संध्याकाळी थडग्याशी खुर्ची टाकून ते तिला गावभरच्या बातम्या सांगायचे. तिला सोडून जायचं म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही, फक्त ताटातला तारोचा कंद तसाच ठेवायला लागले.

यंत्र चित्राचे बारीक तुकडे करून पाठवतं. वाटेत गर्दी झाली की काही तुकडे गळतात. एका गळतीपासून दुसरीपर्यंत किती तुकडे गेले, हे यंत्र मोजतं, शेवटच्या आठ अंतरांची सरासरी काढतं आणि त्यावरून वेग ठरवतं. अंतर मोठं असलं की हात सैल, लहान असलं की आखडता. इथं हजारात जेमतेम चाळीस गळायचे, तरी मेलं यंत्र गोगलगायीसारखं का चालतं, हे तिला काही केल्या उमगेना.

बुधवारी बोट आली. मांगाइयात बोट किनाऱ्याला लागत नाही, खडकांच्या फटीतून तराफ्यावर माल आणावा लागतो. पापा चाळीस वर्षं त्या तराफ्याचे मुकादम होते, त्यामुळे धक्क्यावर त्यांची खुर्ची ठरलेली. त्या दिवशी एक दांडगी लाट तराफ्यावर फुटली आणि पिठाच्या बारा गोण्या भिजल्या. दुकानातला नवा माणूस वहीत बारा अपघात लिहायला लागला, तशी पापांना आठवडाभरात पहिल्यांदा कंठ फुटला.

“अरे शहाण्या, लाटा किती आल्या? एक. मग एकच लिही. बारा लिहिलेस तर कप्तान म्हणेल, या बेटाचा समुद्र घटकेघटकेला फुटतो, आणि पुन्हा इकडे फिरकायचा नाही.”

शेजारी उभ्या तुआइनेला आपलं यंत्र आठवलं. तिचे चाळीस तुकडे काही इकडे एक, तिकडे एक असे गळत नव्हते. तबकडीपाशी रांग तुंबली की सगळे एका दमात सांडायचे. यंत्र त्यांना चाळीस वेगळ्या गळत्या धरायचं. मग त्यांच्यातलं अंतर एक, पुन्हा एक, पुन्हा एक, आणि आठांची सरासरीही एकच. मग ते बिचारं हबकणार नाही तर काय! उपग्रहावरून तुकड्याला एक फेरी मारून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात जे गळेल ते एकच धरायची सोय यंत्रात होती. तीन वर्षांपूर्वी तुआइनेनं ती स्वतःच्या हातानं बंद केली होती. चाळीस गळले असता एकच मांडणं तेव्हा तिला लपवाछपवी वाटली होती.

दुपारी ती सोय तिनं चालू केली.

गुरुवारी नर्स तेपाएरूनं पापांचे पाय उजेडात धरले. चित्र एकदाही अडखळलं नाही. डॉक्टरणीनं घोट्यावर बोट दाबायला लावलं, खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं, एक गोळी वाढवली आणि म्हणाली, ठीक आहे, राहा तिथंच. तेपाएरूनं हुश्श केलं. तुआइनेला मात्र राहवेना. वाटेत तिनं पापांना सगळं सांगितलं.

“पापा, तीन वर्षं दर गुरुवारी तुमचं चित्र तुटलं, ते माझ्यामुळं. तुम्ही जवळजवळ गेलाच होतात इथून.”

पापा काठी टेकून थांबले. “सोय बंद किती वेळा केलीस?”

“एकदाच.”

“मग एकच चूक झाली, पोरी. चल, भूक लागलीय.”

घरी आल्यावर त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, आणि खुर्ची घेऊन अंगणात गेले. बायकोला सांगायला बातमी होती.