घडीतला धूमकेतू

आमच्या भावोजींना सगळी गल्ली ‘डागदर’ म्हणते. त्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि कपड्यावरचा डाग बघून तो कशाचा, किती दिवसांचा आणि कुणाच्या हातून पडला हे ते सांगतात. यातलं शेवटचं सांगायची काही गरज नसते, पण ते सांगतात. त्यामुळे दोन नवराबायकोंची भांडणं मी आमच्या काउंटरवर पेटलेली पाहिली आहेत. मी त्यांची मेहुणी. दुकानाच्या खिडकीशी माझं रफूचं टेबल आहे. एकोणीस वर्षं मी तिथे बसते, आणि भोक दिसलं की मला गप्प बसवत नाही, मग ते कापडातलं असो की बोलण्यातलं. तेव्हा भावोजींचं कौतुक करीन, पण झाकपाक करणार नाही.

डाग दिसला की ते आधी हात लावत नाहीत. कपडा खिडकीच्या उजेडात धरतात, वास घेतात, नखाने हलकेच खरवडतात. मग बाटल्यांकडे वळतात. ‘‘चहाच्या डागाची कड गडद असते आणि मध्य फिका,’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. तेल धाग्याधाग्याने पसरतं. साखरेचा डाग दिसतच नाही, इस्त्री फिरली की पिवळा होऊन वर येतो. ताई, म्हणजे माझी बहीण, म्हणते की लग्नाच्या दिवशी यांनी तिच्याकडे बघायच्या आधी तिच्या पदराकडे बघितलं. ते खरंच असणार.

अशा माणसाला आकाशाचं वेड लागलं ते एका कोटाच्या खिशामुळे. धुवायच्या आधी खिसे रिकामे करायचे हा आमचा नियम. भूगोलाच्या बाईंच्या कोटात एक घडी घातलेला कागद निघाला. बाई तेव्हा नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. पांढराशुभ्र कागद आणि त्यावर शेकडो काळे ठिपके. भावोजींना वाटलं, बाईंनी डागांचा नमुना दिलाय. त्यांनी तो अर्धा तास खिडकीत धरला, पेन्सिलीने दोन ठिपक्यांभोवती गोल केले आणि धुतलेल्या कोटाला टाचणीने लावून परत पाठवला. खाली लिहिलं, ‘हे दोन डाग बाकीच्यांसारखे नाहीत. यांची कड विरघळलेली आहे.’

तासाभरात बाई धापा टाकत दुकानात. तो आकाशाचा फोटो होता, उलटा छापलेला. आकाश पांढरं, तारे काळे. पुसट काही असलं तर पांढऱ्यावर काळं चटकन दिसतं म्हणून तसा छापतात. आणि ते दोन ठिपके तारे नव्हतेच, त्या होत्या दूरच्या दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे पुंजके. ‘‘तुम्हाला कुणी शिकवलं?’’ बाईंनी विचारलं. ‘‘चहाने,’’ भावोजी म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता स्वारी बाईंच्या घरी.

तिथली मंडळी चौघंच. बाई, भावोजी, एक औषधवाले आणि एक लिफ्टवाले, म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करणारे. बाईंच्या गच्चीवर दुर्बीण आहे, तिला कॅमेरा लावलेला. तिने काढलेले फोटो, शिवाय मोठ्या वेधशाळा सगळ्यांसाठी खुले करतात ते फोटो, बाई छापून आणतात. प्रत्येकाला एकेक प्रत आणि एकेक पेन्सिल. नियम एकच: आधी खूण, मग तोंड. अर्धा तास कुणी बोलायचं नाही, वेगळं वाटेल त्याभोवती गोल करायचा. मग चारही कागद शेजारी मांडायचे आणि जी जुंपते ती जुंपते. औषधवाल्यांना प्रत्येक ढगात बुरशी दिसते. लिफ्टवाल्यांना चेहरे दिसतात आणि ते सगळे त्यांच्या सासऱ्यांसारखे असतात. एकदा कुठल्याशा धुळीच्या ढगाच्या फोटोवर अशीच खडाजंगी चालली असताना भावोजी म्हणाले, ‘‘उजवीकडून वाफ मारलीय याला. कड उजवीकडेच दाबली गेलीय, बघा.’’ बाईंनी पुस्तक काढलं. ढगाच्या उजवीकडे एक भला दांडगा तारा होता आणि तोच ढगाला रेटत होता. त्या दिवशी घरी आल्यावर भावोजींनी ही गोष्ट तीनदा सांगितली, तिसऱ्यांदा भिंतीला.

पण अकरा वर्षांत त्यांचा एकही गोल नवा निघाला नव्हता. ते गोल करायचे, बाई यादी बघायच्या, आणि ती वस्तू कुणीतरी कधीच शोधून ठेवलेली असायची. नाहीतर ती छपाईची शाई असायची. एकदा तर ती लिफ्टवाल्यांच्या बिस्किटाची कणी होती. मंडळी हसायची, भावोजीही हसायचे. मी मात्र त्यांना ओळखून आहे. त्यांना एकदा, फक्त एकदा, सगळ्यांच्या आधी काहीतरी दिसायला हवं होतं. उभा जन्म दुसऱ्यांनी पाडलेले डाग बघण्यात गेला, एक तरी माझा असावा, असं ते एकदा इस्त्री करता करता म्हणाले. वर लगेच म्हणाले, ‘‘तुझ्या ताईला सांगू नकोस.’’

आणि एका रविवारी तो दिसला.

बाईंनी एकाच आठवड्यात चार संध्याकाळी आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो काढले होते. भावोजींनी चारही कागदांवर एका पुसट, गोलसर ठिपक्याला खूण केली. बाकी कुणी केली नव्हती. मग कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले, म्हणजे मागच्या उजेडात सगळ्या कागदांवरचे तारे एकमेकांवर बसतात. तारे बसले. ठिपका बसेना. तो रोज थोडा थोडा सरकत होता, एका दिशेने. जागचा हलतो, विरघळलेली कड आहे, शेपूट नाही पण लांबून कुठे दिसते शेपूट! धूमकेतू! औषधवाल्यांनी भावोजींना मिठी मारली, आणि ते कुणाला सहसा हातसुद्धा लावत नाहीत.

बाई म्हणाल्या, ‘‘आठवडाभर मी सगळ्या याद्या तपासते. तिथे माहितीतला धूमकेतू नसला तर पुढच्या रविवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर वेधशाळेला कळवायचं.’’ नवा धूमकेतू शोधणाऱ्याचं नाव त्याला मिळतं. एवढं ताईला कळल्यावर काय विचारता! सोमवारी दुपारपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्याच्या पावतीबरोबर धूमकेतू मिळाला. बुधवारी बाईंचा फोन आला, याद्यांत तिथे काही नाही. गुरुवारी औषधवाल्यांनी केक सांगितला. भावोजींनी एका साध्या सदऱ्याला दोनदा स्टार्च दिला.

शनिवारी एक काकू पांढरा टेबलक्लॉथ घेऊन आल्या. त्यावर चार ठिकाणी कॉफीचे डाग होते. पाहुण्यांतल्या चौघांनी सांडली, एकालाही धड कप धरता येत नाही, असा त्यांचा त्रागा. भावोजींनी कापड उजेडात धरलं. ‘‘चौघांनी नाही, एकानेच सांडलीय. तुम्ही ओला असतानाच याची चौघडी घातलीत. खरा डाग हा. बाकीचे तीन त्याच घडीतून उमटलेत. बघा, हा पुसटसा आहे ना, तो बरोबर याच्या समोर, मधल्या बिंदूच्या पलीकडे...’’

आणि ते थांबले. गिऱ्हाईक गेल्यावरही ते कापड हातात धरून उभेच होते.

मग त्यांनी खणातून ते चार कागद काढले आणि डाग काढायच्या टेबलावर पसरले. प्रत्येक फोटोत एक ठसठशीत तारा होता, सगळ्यांत मोठा. त्यांनी पहिल्या कागदाची काटेकोर चौघडी घातली, काठाला काठ लावून. ‘‘सुई दे,’’ म्हणाले. मी बारीक सुई दिली. मोठा तारा वरच्या बाजूला आला होता, त्याच्या मधोमध त्यांनी सुई आरपार घातली. कागद उलगडला. चार थरांची चार भोकं. त्यांतलं एक ताऱ्यात. आणि बरोबर त्याच्या समोरचं त्यांच्या धूमकेतूत.

दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. चौथ्याला मी म्हटलं, ‘‘पुरे.’’ त्यांनी तरी घातली.

‘‘हा वर नाहीच,’’ ते म्हणाले. ‘‘हा त्या ताऱ्याचा उमटलेला डाग आहे. तारा सरकला की हा उलट्या बाजूला सरकतो.’’

मला राग आला. त्यांचा नाही, त्या ताऱ्याचा. मी म्हटलं, ‘‘भावोजी, कागद ठेवून द्या. उद्या कळवू दे बाईंना. वेधशाळेतले बघतील काय ते, त्यांना पगार त्याचाच मिळतो. चार दिवस तरी तुमचा धूमकेतू असू दे की!’’ मी हे मनापासून म्हटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

ते बराच वेळ टेबल पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘डाग कशाचा आहे ते कळल्यावर मला दुसरं सांगता येत नाही गं.’’

रविवारी त्यांनी मलाही बरोबर नेलं, म्हणे सुई तुझी आहे. बाईंच्या लांब टेबलावर केकचा खोका होता. कॉम्प्युटरवर पत्र तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी. भावोजी दारातूनच म्हणाले, ‘‘बाई, पाठवू नका.’’

‘‘का? नाव नाही आवडलं?’’ औषधवाले हसले.

भावोजींनी कागदांच्या घड्या घालून दाखवल्या. चार कागद, सोळा भोकं, आणि प्रत्येकावर एक ताऱ्यात, एक धूमकेतूत. बाईंनी एक कागद खिडकीकडे धरला आणि कपाळावर हात मारला. ‘‘आतल्या काचा! तेजस्वी ताऱ्याचा उजेड दुर्बिणीच्या आतल्या काचांवर आपटून परत फिरतो आणि समोरच्या बाजूला त्याचं पुसट भूत पडतं. मला हे माहीत होतं हो. माहीत असून सुचलं नाही.’’ लिफ्टवाले धावत गच्चीवर गेले आणि मान खाली घालून परत आले. दुर्बिणीच्या स्टँडचा स्क्रू त्यांनीच आवळला होता आणि तो ढिला होता. त्यामुळे तारा रोज थोडा थोडा मध्यापासून लांब जात होता आणि भूत दुसरीकडे. ‘‘एवढ्या लिफ्ट धरतो मी,’’ ते म्हणाले, ‘‘आणि एक स्क्रू नाही धरला.’’

भावोजी खाली मान घालून कागद गोळा करत होते. ‘‘तुमचा सगळ्यांचा आठवडा फुकट घालवला,’’ एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ कपाट उघडल्याचा, काहीतरी काढल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जुना, पिवळट फोटो होता.

‘‘हा मी बावीस वर्षांत कुणाला दाखवला नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फिल्मचा आहे, अख्खा, कुठे कापलेला नाही. तेव्हा मी एकटीच बघायचे. यात एक पुसट ठिपका दिसला, कुठल्याच यादीत नसलेला. कळवायचं धाडस झालं नाही. लोक हसतील, म्हणतील शाळामास्तरीण आणि धूमकेतू! मग आठ दिवस ढग. ढग गेले तेव्हा तो नव्हता. दुसऱ्या कुणालाही तो कधी दिसला नाही. आपल्या भित्रेपणामुळे एक आख्खा धूमकेतू जगाला न दिसता निघून गेला, असं मला वाटत आलंय. रोज नाही, पण वाटत आलंय.’’ त्यांनी फोटो भावोजींपुढे ठेवला. ‘‘घाला घडी.’’

‘‘बाई, राहू द्या. जुना फोटो आहे, मोडेल.’’

‘‘मोडू दे. घाला.’’

भावोजींनी घडी घातली. रेशमावरची शाई काढतात तितक्या जपून. मी सुई दिली. त्यांनी ती फोटोतल्या सगळ्यांत मोठ्या ताऱ्यात घातली, काढली आणि फोटो न उलगडता बाईंच्या हातात दिला. त्यांना बघायचं नव्हतं.

बाईंनी तो उलगडून खिडकीकडे धरला. उजेडाचे चार टाचणीएवढे ठिपके दिसले, त्यांतला एक ताऱ्यातून आणि एक बरोबर त्या पुसट डागातून. बाई बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग कळलं की त्या हसतायत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, खुर्चीचा हात धरून हसल्या.

‘‘नव्हताच!’’ त्या म्हणाल्या. ‘‘अहो, तो नव्हताच! मी काही घालवलंच नव्हतं!’’

रडले ती मी. सरळ सांगते, मला हुंदका आवरेना, आणि लिफ्टवाल्यांनी मला पुसायला एक ग्रीसचा बोळा दिला. औषधवाल्यांनी केक कापला. त्यावर क्रीमने भावोजींचं नाव लिहिलं होतं. त्यातली पहिली दोन अक्षरं बाईंनी खाल्ली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

परत येताना चौक ओलांडल्यावर भावोजी म्हणाले, ‘‘वाईट वाटतंय गं. माझाच वाटला होता मला तो.’’

‘‘वाटणारच,’’ मी म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर ते वळले. ‘‘पण बाई कशा हसल्या, बघितलंस ना?’’